मनाच्या औषधाचा जमाखर्च

डिप्रेशनच्या गोळ्यांविषयी आपल्या मुरबाड-शहापूर भागात दोन प्रकारची मते ऐकू येतात. "त्या गोळ्यांनी माणूस गुंगीत राहतो, एकदा लागल्या की सुटत नाहीत," असे एक जण सांगतो. "त्या गोळ्या नसत्या तर आज मी उभा नसतो," असे दुसरा सांगतो. दोघेही आपापल्या अनुभवाने खरेच बोलत असतात. मात्र पहिला एस.टी.च्या थांब्यावर चारचौघांत मोठ्याने बोलतो आणि दुसरा केवळ विश्वासाच्या माणसाजवळ, तेही आवाज खाली करून. परिणामी लोकांच्या कानांवर एकच बाजू पडते. ज्याला औषधाची खरोखर गरज आहे तो ते सुरूच करीत नाही, किंवा सुरू करून तीन आठवड्यांत सोडून देतो.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून आहोत. परंतु जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय खाते पुरे होत नाही, हा आमच्या रोजच्या कामातला पहिला धडा आहे. प्रस्तुत लेखात तोच धडा या गोळ्यांना लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. औषध सुरू करणे, बदलणे वा थांबवणे हे काम डॉक्टरांचेच. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारावे आणि घरी आल्यावर काय सांभाळावे, एवढे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

दुःख आणि आजार

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी विहारात ऐकली आहे. मेलेले मूल उराशी धरून ती औषध मागत फिरली. तथागतांनी तिला औषध दिले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. दारोदार फिरून तिला जे समजावयाचे ते समजले. आपले माणूस गेले, पीक गेले, नोकरी गेली म्हणून होणारे दुःख हा आजार नव्हे. त्याला माणसांची सोबत लागते, वेळ लागतो. प्रत्येक अश्रूवर गोळी हा उपाय नाही, हे या लेखाच्या सुरुवातीलाच नमूद करणे अगत्याचे आहे.

परंतु कधी कधी दुःखाचे कारण दूर झाले तरी मन वर येत नाही, तर कधी कारण नसतानाही मन खाली जाते. सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातही रस न वाटणे, झोप उडणे किंवा अति येणे, भूक मरणे, काम न करता थकवा, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत, सर्वांवर ओझे आहोत असे वाटत राहणे, हालचाल व बोलणे मंदावणे, आणि जगून काय करायचे असा विचार वारंवार येणे, ही लक्षणे एकत्र आली आणि रोजचे काम अडू लागले तर तो आजार समजावा. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात, मराठीत नैराश्य.

आपल्याकडे हा आजार स्वतःच्या नावाने क्वचितच येतो. माणूस 'मन उदास आहे' असे म्हणत नाही. तो म्हणतो अंगात कणकण आहे, डोके जड आहे, छातीत धडधडते, हातापायांत जीव नाही. मग सलाईन लावले जाते, ताकदीची इंजेक्शने दिली जातात, भगताकडे अंगारा घेतला जातो. पैसा जातो आणि मूळ दुखणे जागेवर राहते. याच्या उलटही घडते. रक्त कमी असणे, थायरॉईडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, क्षय आणि दारू यांमुळेही माणूस मलूल व उदास दिसतो. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी साधी रक्ततपासणी होणे इष्ट असते.

ही औषधे आली कोठून

या औषधांचा जन्म योगायोगाने झाला आणि त्याचा संबंध आपल्या परिचयाच्या क्षयरोगाशी आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्कच्या एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे औषध वापरून पाहण्यात आले, तेव्हा खंगलेले रुग्ण उत्साही दिसू लागले. पुढे १९५७ मध्ये डॉ. नेथन क्लाइन यांनी तेच औषध उदास रुग्णांवरील उपचार म्हणून पुढे आणले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॉ. रोलंड कून हे इमिप्रामिन हे औषध दुसऱ्याच मानसिक आजारासाठी तपासत होते. त्या आजाराला ते लागू पडले नाही, पण उदास रुग्णांना मात्र पडले. अमिट्रिप्टिलिन हे त्याच कुळातले. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली आणि एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही आज सर्वत्र दिली जाणारी औषधे त्याच मार्गाने आली. नवी औषधे जुन्यांपेक्षा फार गुणकारी आहेत असे नव्हे, परंतु सोसावयास सोपी आणि चुकून अधिक घेतली गेली तर कमी घातक आहेत.

ही औषधे नेमके काय करतात? मेंदूत सिरोटोनिन नावाचे रसायन कमी पडते आणि गोळी ते भरून काढते, असे अनेक वर्षे सांगितले गेले. २०२२ मध्ये या विषयावरील संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्याचे कारण सिरोटोनिनची कमतरता हेच आहे याला सातत्याने पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा 'गोळ्या खोट्या ठरल्या' अशी ओरड झाली. तसा अर्थ निघत नाही. अॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. ते कसे काम करते याचा उलगडा १९७१ मध्ये जॉन वेन यांनी केला. मधल्या सत्तर वर्षांत त्याने दुखणे थांबवलेच होते. औषध कसे काम करते हा एक प्रश्न, ते काम करते की नाही हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर माणसांवर तपासूनच द्यावे लागते.

जमेची बाजू

अशी तपासणी आपल्या शेजारच्या गोव्यात झाली आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ४५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एकास फ्लुओक्सेटिन, दुसऱ्यास तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, तिसऱ्यास समुपदेशन. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांनी खऱ्या गोळीचा गट पोकळ गोळीच्या गटापेक्षा स्पष्टपणे बरा होता. समुपदेशनाच्या गटात मात्र पोकळ गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नाही. वर्षअखेर तिन्ही गटांतील अंतर उरले नव्हते. मात्र खर्चाचा विचार करता औषधाचा गट किफायतशीर ठरला. म्हणजे औषधाने माणूस लवकर उभा राहिला. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्याला दोन महिने आधी उभे राहणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको.

जगाचा हिशोबही जुळता आहे. २०१८ मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा, एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व २१ औषधे पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली. पण किती सरस? ढोबळमानाने सांगावयाचे तर पोकळ गोळी घेणाऱ्या १०० जणांपैकी ३५ जणांना दोन महिन्यांत चांगला फरक पडत असेल, तर खरी गोळी घेणाऱ्या १०० पैकी ५० जणांना पडतो. म्हणजे केवळ औषधामुळे सुधारलेले सुमारे १५. हा आकडा जादूचा नाही, पण फुकाचाही नाही. आजार जितका तीव्र तितका औषधाचा लाभ अधिक, आणि सौम्य आजारात तो नगण्य, असेही दिसून आले आहे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे आजार उलटण्यापासून रक्षण. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळी घेऊन बरे असलेल्या ४७८ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांच्यापैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात आजार उलटला. ज्यांचे हळूहळू बंद केले त्यांच्यापैकी ५६ टक्के लोकांना उलटला. यातून दोन्ही गोष्टी कळतात. चालू ठेवण्यात लाभ आहे, आणि बंद करूनही १०० पैकी ४४ जण वर्षभर ठीक राहिले.

तिसरी बाजू पैशाची. अमिट्रिप्टिलिन व फ्लुओक्सेटिन ही जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे आहेत. मूळ नावाने घेतल्यास ती महाग नाहीत, आणि शासकीय रुग्णालयात उपलब्ध असतील तेव्हा तेथूनच मिळतात.

नावे बाजू

आता दुसरे पान. हे पान लपवले की रुग्णाचा विश्वास जातो, म्हणून ते सविस्तर लिहीत आहोत.

१) पहिले पंधरा दिवस. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, झोप कमी किंवा जास्त, हात थरथरणे, बेचैनी हे त्रास पहिल्या आठवड्यातच सुरू होतात. गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो आणि पुरता यावयास सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे खर्च आधी पडतो आणि जमा नंतर होते. नेमक्या याच मधल्या काळात आपले बहुतेक लोक औषध टाकून देतात. हे वेळापत्रक आधी माहीत असेल तर धीर धरता येतो. बरेचसे त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतात.

२) टिकून राहणारे त्रास. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणे हा यातला मोठा त्रास आहे. पुरुष तो लाजेने सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात, स्त्रियांना तर कोणी विचारतही नाही. याशिवाय घाम सुटणे, वजन वाढणे, आणि काहींना 'दुःख गेले पण आनंदही गेला' असे सपाटपण जाणवणे. यावर मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे असे मार्ग असतात, पण तोंड उघडले तरच.

३) जुन्या गोळ्या. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, डोळ्यांपुढे धूसर दिसते, लघवी अडते, उठताना चक्कर येते. हृदयरोग, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी तसे आधी सांगितले पाहिजे. या गोळ्या जास्त घेतल्या गेल्यास जिवाला धोका असतो. म्हणून आजार तीव्र असताना पाकीट घरातील जबाबदार माणसाच्या ताब्यात असावे आणि थोड्याच दिवसांच्या गोळ्या आणाव्यात.

४) तरुण मुले. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ठळक इशारा छापावयास लावला. मुलांवरील चाचण्यांत पोकळ गोळीच्या गटात १०० पैकी सुमारे २ जणांत आत्महत्येचे विचार वा वर्तन दिसले, तर औषधाच्या गटात सुमारे ४ जणांत. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या झाली नाही. पण पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस घरच्यांनी मुलावर लक्ष ठेवलेच पाहिजे.

५) दुसऱ्या औषधांशी वैर. नव्या गोळ्यांसोबत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आवणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी दुकानातून या गोळ्या घेण्याची आपल्याकडे सवयच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. ट्रामाडॉल हे दुखण्याचे औषध आणि क्षयरोगाच्या अवघड प्रकारात दिले जाणारे लिनेझोलिड यांच्याशीही गाठ धोक्याची. दारू व ताडी औषधाचा गुण मारते आणि गुंगी वाढवते.

६) वृद्ध माणसे. यांच्या रक्तातील सोडियम कमी होऊन गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे असे होऊ शकते. 'म्हातारपणामुळे झाले' असे म्हणून सोडून देऊ नये.

७) उलटा झटका. काही लोकांना उदासीच्या पाळीप्रमाणे अति उत्साहाची पाळीही येते. झोप न घेता बडबड, उधळपट्टी, मोठमोठे बेत, भांडणे. अशा माणसाला केवळ उदासीची गोळी दिली तर ही दुसरी पाळी भडकू शकते. पूर्वी असे कधी झाले असेल तर ते डॉक्टरांना सांगणे घरच्यांचे कर्तव्य आहे, कारण रुग्णाला स्वतःला तो काळ आजाराचा वाटत नाही.

'एकदा लागली की सुटत नाही' हे खरे काय?

या प्रश्नात दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत होते. अल्प्राझोलाम, डायझेपाम या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या लगेच गुण देतात आणि त्यांची सवय लागते. त्या डॉक्टर थोड्याच दिवसांसाठी देतात आणि रुग्ण दुकानातून वर्षानुवर्षे घेत राहतो. अनेकांना व्यसन लागलेले दिसते ते या गोळ्यांचे. नैराश्यावरील गोळ्यांची तल्लफ लागत नाही, त्या रोज वाढवाव्याही लागत नाहीत.

परंतु त्या अचानक बंद केल्या तर त्रास होतो, हेही तितकेच खरे आहे. चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, चिडचिड, विचित्र स्वप्ने, मळमळ. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार गोळी बंद करणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांना त्रास जाणवला. पोकळ गोळी बंद करणाऱ्यांतही १७ टक्के लोकांना तो जाणवला. म्हणजे प्रत्यक्ष औषध सुटल्याचा त्रास सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. या त्रासाला लोक 'सवय लागली' किंवा 'आजार उलटला' समजून घाबरतात. उपाय एकच. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा पायरीपायरीने उतरवणे.

बरे वाटू लागल्याबरोबर गोळी थांबवणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन असे की, बरे झाल्यानंतरही नऊ ते बारा महिने औषध चालू ठेवावे आणि नंतरच थांबवण्याचा विचार करावा. येथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. दिवाळीनंतर आपले कातकरी बांधव कुटुंबासह वीटभट्ट्यांवर जातात ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. औषध गावाला, माणूस भट्टीवर, असे होऊन मधेच ते तुटते. जाण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगून पुरेशा गोळ्या आणि केसपेपर सोबत नेला तर दुसऱ्या तालुक्यातील रुग्णालयातही उपचार पुढे चालू राहू शकतो. मुरबाडच्या एम.आय.डी.सी.त रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि जीप-रिक्षा चालवणाऱ्यांनीही आपले काम डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे गुंगी न आणणारे औषध किंवा सोयीची वेळ ठरवता येते.

ताळेबंद कसा मांडावा

पौष पौर्णिमेला म्हसा येथे यात्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार लागतो. तेथे बैल घेणारा शेतकरी शिंगांच्या रंगावर भुलत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि आपल्या शेताला हा बैल पुरेल काय असा विचार करून मगच व्यवहार करतो. 'बैल चांगला की वाईट' असा प्रश्न तो विचारीत नाही, 'माझ्या कामाला कसा' असे विचारतो. औषधाचेही तसेच आहे.

आजार सौम्य असेल, माणूस कसाबसा का होईना कामाला जात असेल, तर गोळीचा लाभ थोडा आणि त्रास तेवढाच. तेथे आधी बोलणे, चालणे-फिरणे, झोपेची शिस्त, दारू बंद आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी हा मार्ग योग्य. आजार मध्यम असेल तर समुपदेशन किंवा गोळी किंवा दोन्ही, हे रुग्णाच्या पसंतीने ठरावे. आजार तीव्र असेल, अन्न सुटले असेल, माणूस अंथरुणाला खिळला असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर जमेची बाजू फार जड आहे. तेथे दुष्परिणामांच्या भीतीने औषध टाळणे म्हणजे घराला आग लागली असता पाण्याने भिंती खराब होतील म्हणून थांबणे होय.

बोलण्याचा उपचार म्हणजे शहरातल्या श्रीमंतांची गोष्ट, असेही कोणी समजू नये. वर सांगितलेल्या अभ्यासात समुपदेशन कमी पडले, पण गोव्यातील मंडळी तेथे थांबली नाहीत. त्यांनी गावातीलच साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केले. 'मनशांती सुधार शोध' या प्रकल्पात २४ दवाखान्यांतील २,७९६ रुग्ण होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत अशा समुपदेशकांची जोड मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले, तर जोड नसलेल्या केंद्रांत सुमारे ४२ टक्के. पुढे दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ तीव्र रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना अशाच समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी देण्यात आल्या. हातून सुटलेली लहान लहान कामे पुन्हा हाती घेणे हा त्या उपचाराचा गाभा होता. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के सावरले, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के.

आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत असा प्रयत्न झाला. गावातील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या आजाराविषयी बोलणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे पूर्वी १०० पैकी ४ होते, ते १०० पैकी २७ झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. ही आकडेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अमरावतीच्या गावांत जे घडले ते मुरबाडच्या गावांत घडणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

ध्यान की गोळी?

आपल्या वाचकांच्या मनात हा प्रश्न येणारच. शहापूरहून कसारा घाट चढला की इगतपुरी. तेथे १९७६ पासून धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. "गोळ्या कशाला, दहा दिवस बसून ये," असा सल्ला आपल्यातच सर्रास दिला जातो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तो अपुरा आहे. विपश्यना केंद्रे स्वतःच सांगतात की, ही साधना वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही. प्रवेश अर्जात मानसिक आजार व चालू औषधे यांची माहिती विचारली जाते. ती लपवून, गोळ्या बंद करून शिबिराला बसणे धोक्याचे आहे. तीव्र आजारात दहा दिवसांचे मौन माणसाला सावरण्याऐवजी खोल नेऊ शकते.

ध्यानाला योग्य स्थान मात्र आहे. इंग्लंडमध्ये पुन्हा पुन्हा नैराश्य येऊन गेलेल्या, पण त्या वेळी बऱ्या असलेल्या ४२४ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांनी औषध चालू ठेवले. अर्ध्यांना सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा वर्ग दिला आणि डॉक्टरांच्या देखरेखीत औषध उतरवण्यास साह्य केले. दोन वर्षांत औषधाच्या गटात ४७ टक्के लोकांना आजार उलटला, ध्यानाच्या गटात ४४ टक्के लोकांना. म्हणजे बरे झाल्यावर टिकून राहण्यासाठी ध्यान हा गोळीच्या तोडीचा मार्ग काहींना ठरू शकतो. बुडत्या माणसाला आधी काठावर काढावे, मग पोहावयास शिकवावे. हा क्रम उलटा करू नये.

शिवाय औषध घेणे हा धम्माचा कमीपणा कधीच नव्हता. विनयपिटकात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. जीवक हा वैद्य संघाची सेवा करीत होता, आणि आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून पाहा, ही शिकवण आपण सभांतून सांगतो. भगताच्या अंगाऱ्याला जी कसोटी लावतो तीच गोळीला लावावी, आणि गोळीच्या निंदेलाही लावावी.

आपल्याला काय करता येईल

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तेथे केवळ दाखल होणारेच जातात असा समज आहे, पण तेथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. तपासून औषध घेऊन संध्याकाळी घरी परतता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचा दिवस कोणता, याची चौकशी करून तो विहाराच्या फळ्यावर लिहिण्याचे काम आपले तरुण सहज करू शकतील. १४४१६ हा शासनाचा 'टेलि-मानस' क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे. मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नये, थेट विचारावे, धीर द्यावा आणि या क्रमांकावर बोलणे करून द्यावे. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा नव्हे, तर उपचार द्यावेत असे हा कायदा सांगतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने अशा रुग्णाला घरात दडवून ठेवू नये.

डॉक्टरांकडे जाताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: हा आजार सौम्य आहे की तीव्र? गोळीशिवाय दुसरा उपाय आहे काय? गुण कधी दिसेल? कोणता त्रास झाला तर लगेच यावे? माझ्या इतर औषधांशी हिचे जमते काय? गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीसाठी कोणती गोळी योग्य? किती महिने घ्यावयाची आणि कशी उतरवावयाची? त्यासोबत एक वही ठेवावी. रोज दोन ओळी पुरेत: झोप किती झाली, जेवण गेले काय, कोणते काम केले, कोणता त्रास झाला. सहा आठवड्यांनी ही वही उघडली की जमा किती व नावे किती हे रुग्णाला स्वतःच्या अक्षरात दिसते. मग गोळी चालू ठेवावी, बदलावी की थांबवावी याचा निर्णय ऐकीव गप्पांवर नव्हे, तर त्या वहीवर होतो.

आणि एक विनंती. ज्या बंधू-भगिनींनी या गोळ्या घेऊन आयुष्य पुन्हा उभे केले आहे, त्यांनी आवाज खाली करून बोलणे सोडावे. काय मिळाले आणि काय सोसले, दोन्ही सांगावे. मधुमेहाची गोळी आपण जेवणाच्या पंगतीत सर्वांदेखत काढतो. मनाच्या गोळीला पदराआड जावे लागते तोवर आपल्या वाड्या-पाड्यांतील किती माणसे उपचाराच्या अलीकडेच थांबत राहतील, याचा विचार प्रत्येक घराने करावा.